लोहगडावरून काय दिसतं?

पावसाळा सुरू झाला की ऑफिसच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, 'वीकेंडला कुठे?' दहा नावं निघतात, आठ गळतात आणि शेवटी गाडी लोहगडावर येऊन थांबते. पुण्याहून जवळ, मुंबईकरांनाही सोयीचा, चढायला पायऱ्या, अंगावर ढग आणि खाली पवना धरणाचं पाणी. नवख्यालाही झेपतो. शिवाय फोटो असे येतात की सोमवारी अख्खा फ्लोअर विचारतो, कुठे गेला होतात?

मीही तिथे बऱ्याचदा जातो. मागच्या खेपेला टीममधल्या एकीने विंचूकाट्यावर उभं राहून विचारलं, ''इतक्या वर, इतका खटाटोप करून किल्ला कशाला बांधला असेल? व्ह्यूसाठी?'' सगळे हसले. मला मात्र वाटलं, बरोबरच बोलतेय की ही! व्ह्यूसाठीच. फक्त डोंगर छान दिसावेत म्हणून नव्हे, कोण येतंय ते आधी कळावं म्हणून.

वाट जुनीच, गाड्या नव्या

कोकणातल्या कल्याण, सोपारा या बंदरांतला माल पूर्वी बोरघाट चढून देशावर यायचा. दोन हजार वर्षांहून जुनी कार्ला आणि भाजे लेणी याच वाटेच्या आजूबाजूला आहेत. १८६३ मध्ये या घाटातून रेल्वे सुरू झाली, २००२ मध्ये एक्स्प्रेसवे पूर्ण झाला. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी आपण ज्या ट्रॅफिकच्या नावाने बोटं मोडतो, तो इथे काही नवा नाही! लोहगड हा त्या वाटेवरचा पहारेकरी. वाट ज्याच्या ताब्यात, व्यापार आणि फौजांची ये-जा त्याच्या नजरेखाली.

म्हणूनच तो सगळ्यांना हवा होता. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यात लोहगड होता. १६७० मध्ये महाराजांनी तो परत घेतला. पुढे पेशवाईत नाना फडणवीसांनी गडाची मजबुती केली, १७८९ च्या सुमारास वर मोठं तळं बांधून घेतलं. गड कितीही बेलाग असू द्या, वर प्यायला पाणी नसेल तर तो लढणार किती दिवस?

चार दरवाजे, एकच रांग

गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. आपण या चारही दरवाजांतून फोटो काढत जातो. पुढच्या वेळी जरा थांबून वाट कशी वळते ते बघा. सरळ वर जाताच येत नाही. येणाऱ्याला वळणावळणाने, चिंचोळ्या जागेतून, तटबंदीच्या अगदी खालून जावं लागतं. खाली हजार माणसं असली तरी दरवाजापाशी एका वेळी मोजकीच पोचणार, आणि वर बसलेल्या थोड्यांना तेवढी पुरेत! नारायण दरवाजापाशी धान्य साठवायची जागाही आहे. वेढा लांबला तर काय, याचा विचार आधीच केलेला.

विंचूकाटा म्हणजे डोंगराची बाहेर गेलेली चिंचोळी सोंड. गडाच्या सपाटीवरून बघितली की विंचवाच्या नांगीसारखी दिसते. तिथून तुंग, तिकोना हे पवन मावळातले किल्ले दिसतात. शेजारी विसापूर तर हाकेच्या अंतरावर.

हा विसापूर लोहगडाहून दीडेकशे फूट उंच, आणि तेच महागात पडलं. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला. शत्रूच्या तोफा उंचावर आल्यावर खालच्या गडाने लढायचं कसं? दुसऱ्याच दिवशी लोहगड रिकामा झाला. इतके दरवाजे, एवढी तटबंदी, एवढं पाणी, पण शेजारचा डोंगर जाताच सगळा डाव उलटला.

आजचा वेढा

२०२३ च्या पावसाळ्यात एका रविवारी याच पायऱ्यांवर एवढी गर्दी झाली की लोकांना ना वर जाता येईना, ना खाली उतरता येईना. कित्येक तास माणसं अडकून पडली. ते व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. मला त्यात नवल वाटलं नाही. मोठ्या जमावाला भराभर वर जाता येऊ नये, यासाठीच तर ती वाट बांधली होती! ती आजही आपलं काम चोख करतेय. फक्त आता पुढे शत्रू नाही, निसरड्या दगडावर आपणच उभे आहोत, कडेवर पोरं आणि हातात फोन घेऊन.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. लोहगड त्या यादीत आहे. अभिमान वाटतोच, पण त्याबरोबर गर्दीही वाढणार. वाट रुंद करा, असं म्हणता येणार नाही. तीच तर इथली बघण्यासारखी गोष्ट. मग कमी माणसं एका वेळी जातील, हे आपल्याच हातात आहे.

तेव्हा माझं ऐका. पावसाळ्यातला रविवार सोडा. ऑक्टोबरनंतर, शक्यतो मधल्या वारी जा. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरा, भाजे गावातून गायमुख खिंडीत या. एका बाजूला लोहगड, दुसऱ्या बाजूला विसापूर, मधून वाट लोहगडवाडीला जाते. वर सगळं नीट दिसेल, थांबून बघायला जागाही मिळेल.

मधल्या वारी सुट्टी कशी काढायची? बॉसला काय सांगायचं, ते मात्र तुमचं तुम्ही ठरवा!