विच्छेदनगृहातील भावना आणि भाषा

वैद्यकाच्या पहिल्या वर्षात विद्यार्थी मानवी मृतदेहाचे विच्छेदन करून शरीररचनाशास्त्र शिकतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या या मुलामुलींपैकी अनेकांनी तोवर मृत्यू जवळून पाहिलेला नसतो. ज्यांनी पाहिलेला असतो, त्यांनी तो बहुधा घरातील वडीलधाऱ्या माणसाचा, आप्तांच्या रडण्याने आणि अखेरच्या विधींनी वेढलेला असा पाहिलेला असतो. विच्छेदनगृहातील मृत्यू याहून सर्वस्वी निराळा होय. तेथे रडणारे कोणी नसते आणि मृताचे नावही सहसा ठाऊक नसते. या भेटीत विद्यार्थ्याच्या मनाचे काय होते, हा प्रश्न सामान्यतः मानसशास्त्राकडे सोपविला जातो. तथापि त्याचा एक मोठा भाग भाषेच्या कक्षेत येतो. मेजावर जे ठेवलेले असते त्याला काय म्हणावयाचे, हे ठरल्यावाचून त्याच्याविषयी काय वाटावे हेही ठरत नाही.

प्रथम या भावनांचा क्रम ध्यानात घेतला पाहिजे. फॉर्मॅलिनचा उग्र दर्प पहिल्या दिवसापासून कपड्यांना व केसांना चिकटतो. काहींना जेवण, विशेषतः मांसाहार, नकोसा होतो. काहींना स्वप्ने पडतात. क्वचित एखाद्याला घेरी येते. पाठीवर किंवा छातीवर शस्त्र चालविणे त्या मानाने सोपे जाते. हात आणि चेहरा यांच्यापाशी मन अडखळते, कारण माणसाची ओळख तेथे वसलेली असते. एखादे गोंदण किंवा जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण दिसला, की मेजावरील देहाला पूर्वायुष्य होते ही जाणीव एकदम जागी होते. परंतु बहुतेकांची ही अस्वस्थता काही आठवड्यांत ओसरते, आणि तिचे हे ओसरणेच अधिक विचार करण्याजोगे आहे.

या संक्रमणाचे एक बोलके उदाहरण फ्रेंच संगीतकार हेक्टर बर्लिओझ याच्या आत्मकथनात सापडते. हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १८७० मध्ये प्रसिद्ध झाला. बर्लिओझ १८२१ मध्ये वैद्यक शिकण्यासाठी पॅरिसला गेला होता. विच्छेदनगृहातील पहिले दृश्य पाहताच तो खिडकीतून उडी टाकून पळाला. पुढे मित्राच्या समजावण्यामुळे तो परत गेला, तेव्हा पहिल्या दिवसाची किळस मावळून तिच्या जागी थंड कोरडेपणा आला होता. तेथे आलेल्या चिमण्यांना त्याने फुप्फुसाचे तुकडे टाकले. भीती गेली; परंतु तिच्याबरोबर आणखीही काही गेले, हे या कथनातील खरे मर्म आहे. अमेरिकेत हॅरॉल्ड लीफ आणि रेने फॉक्स यांनी १९६३ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या घडणीचे वर्णन करताना 'अलिप्त आस्था' या अर्थाची संज्ञा वापरली. वैद्याला अलिप्तता हवी आणि आस्थाही हवी. विच्छेदनगृहात अलिप्तता लवकर येते. आस्था तिच्याबरोबर टिकेलच असे नाही.

ही अलिप्तता साधण्याचे एक प्रमुख साधन म्हणजे भाषा. मराठीपुरता विचार केला, तर मृत शरीराला मढे, मुडदा, प्रेत, शव, कलेवर, मृतदेह, पार्थिव असे अनेक शब्द आहेत, आणि प्रत्येकाची प्रतिष्ठा वेगळी आहे. 'मुडदा' शिवीत येतो, 'मृतदेह' वर्तमानपत्रात येतो आणि 'पार्थिव' थोरांसाठी राखून ठेवलेला असतो. घरात मात्र यांपैकी एकही शब्द सहसा उच्चारला जात नाही. आजोबा गेले, तरी 'त्यांना केव्हा न्यायचे?' असेच विचारले जाते. अग्नी देईपर्यंत माणूस आदरार्थी सर्वनामातच राहतो. या ठिकाणी मराठी व्याकरणातील एक योगायोग लक्षणीय आहे. ग्रांथिक मराठीत आदरार्थी पुल्लिंगी अनेकवचन आणि नपुंसकलिंगी एकवचन यांचे रूप पुष्कळदा एकच असते. 'ते मेजावर ठेवले होते' हे वाक्य आजोबांविषयीही असू शकते आणि प्रेताविषयीही. लेखनात एका शब्दात नांदणारे हे दोन अर्थ बोलण्यात मात्र 'ठेवले' आणि 'ठेवलं' असे फुटतात. विद्यार्थ्याच्या मनातील फूटही नेमकी याच जागी पडते.

शिक्षणाची भाषा इंग्रजी असल्यामुळे भारतीय विद्यार्थ्याला ही फूट सांधण्याऐवजी ओलांडून जाण्याची सोय मिळते. तो 'प्रेत' म्हणत नाही, 'बॉडी' किंवा 'कॅडॅव्हर' म्हणतो. काखेची 'ॲक्झिला' होते आणि पोटरीचा 'गॅस्ट्रोक्नेमियस' होतो. काख आणि पोटरी हे शब्द त्याने बालपणी माणसांच्या सहवासात शिकलेले असतात. नव्या संज्ञांना अशी कोणतीही आठवण चिकटलेली नसते. लॅटिन व ग्रीक संज्ञांचा हा परकेपणा युरोपीय विद्यार्थ्यालाही जाणवतो. परंतु भारतीय विद्यार्थ्याच्या बाबतीत संज्ञांभोवतीची वाक्येही परकी असतात, आणि म्हणून त्याचे अंतर दुहेरी होते.

हे अंतर अटळ होते असे नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मृतदेह गवतादिकांनी वेष्टून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री कुजू द्यावा आणि नंतर वाळा, बांबू इत्यादींच्या कुंच्याने हळूहळू घासून एकेक थर डोळ्यांनी पाहावा, अशी रीत सांगितली आहे. म्हणजे या अनुभवाला भारतीय भाषेत शब्द होते. १८३६ मध्ये कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात मधुसूदन गुप्त यांनी मानवी शवाचे विच्छेदन केले. त्याप्रीत्यर्थ फोर्ट विल्यममधून तोफांची सलामी दिली गेली, अशी आख्यायिका आहे. त्यांनीच हूपर यांच्या शरीररचनाविषयक इंग्रजी ग्रंथाचा संस्कृत अनुवाद केला होता. आधुनिक भारतातील विच्छेदनाचा आद्य पुरुष भाषांतरकारही होता, याकडे वाङ्मयाभ्यासकांनी लक्ष द्यावयास हवे. २०२२ मध्ये मध्य प्रदेशात पहिल्या वर्षाची पाठ्यपुस्तके हिंदीत निघाली आणि त्यांत शरीररचनाशास्त्राचाही समावेश होता. तेथील चर्चा प्रामुख्याने संज्ञांच्या सुबोधतेविषयी झाली. मातृभाषेत विच्छेदन शिकताना भावनांचे काय होईल, हा प्रश्नही तितकाच मोलाचा आहे.

जे पाठ्यपुस्तकात बोलता येत नाही ते विद्यार्थी कथांतून बोलतात. समाजशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॅफर्टी यांनी १९९१ च्या आपल्या ग्रंथात वैद्यकीय विद्यार्थ्यांत मुखोद्गत चालणाऱ्या अशा शवकथांचा अभ्यास केला आहे. यांतील पुष्कळ कथांत मृतदेहाचा एखादा अवयव दाखवून बाहेरच्या, बेसावध माणसाला घाबरविलेले असते. घाबरणारा दुसराच कोणी असल्यामुळे सांगणाऱ्याला आपली भीती त्याच्यावर ढकलता येते. परंतु दुसऱ्या एका प्रकारात आच्छादन दूर होताच पाहणारा मृताला ओळखतो. संस्कृत नाट्यपरंपरेला परिचित असलेले हे अभिज्ञानच होय. फरक इतकाच, की येथे ओळख पटल्याने मिलन होत नाही. कादंबरीकार लॉरेन्स स्टर्न १७६८ मध्ये वारला, तेव्हा त्याचे प्रेत चोरून केंब्रिजच्या विच्छेदनगृहात विकले गेले आणि तेथे कोणीतरी त्याला ओळखले, अशी कथा सांगतात. १८७८ मध्ये तर अमेरिकेच्या एका माजी राष्ट्राध्यक्षाचे पुत्र जॉन स्कॉट हॅरिसन यांचा चोरलेला मृतदेह सिनसिनाटी येथील वैद्यकीय महाविद्यालयात प्रत्यक्षच सापडला. 'बॉडी' या शब्दाने जे दडपले जाते ते अशा कथांतून नाव घेऊन परत येते.

नाव कोणाचे पुसले जाते, हा प्रश्न मग टाळता येत नाही. इंग्लंडमधील १८३२ च्या कायद्याने गरिबांसाठीच्या श्रमगृहांत (वर्कहाउस) मरण पावलेल्या, कोणी हक्क न सांगितलेल्या गरिबांचे देह शरीररचनाशास्त्राच्या शाळांना मिळू लागले. मुंबई राज्याचा १९४९ चा कायदाही बेवारस मृतदेहांसंबंधीच आहे. 'बेवारस' हा शब्द मृताविषयी काही सांगत नाही. तो त्याच्या मागे कोणी उरले नाही एवढेच सांगतो. ज्याने कधी संमती दिली नाही अशा माणसासमोर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या अस्वस्थतेत अपराधाची एक छटा असते. ती दुर्बलतेची खूण मानून हसण्यावारी नेणे अन्यायाचे ठरेल.

देहदानाने हा संबंधच बदलतो. २०१० या एकाच वर्षी ज्योती बसू यांचा देह कलकत्त्यात आणि मूळचे मराठवाड्यातील नानाजी देशमुख यांचा देह दिल्लीत वैद्यकीय अभ्यासासाठी दिला गेला. परस्परविरोधी विचारांच्या या दोन नेत्यांचा शेवटचा निर्णय सारखाच होता. जेथे दान आहे तेथे दाता आहे. आणि दात्यासमोर भीतीची जागा कृतज्ञता घेऊ शकते. थायलंडमध्ये विच्छेदनासाठीच्या मृतदेहाला 'आजान याय', म्हणजे थोर आचार्य, म्हणतात. यातील पहिला शब्द संस्कृत 'आचार्य' याचेच रूप आहे. तैवानमधील त्झू ची विद्यापीठात दात्याला 'मौन गुरू' मानतात, आणि विद्यार्थी त्याच्या कुटुंबीयांना भेटून त्याचे जीवन जाणून घेतात. भारतीय वैद्यक परिषदेने २०१८ मध्ये तयार केलेल्या आणि पुढील वर्षापासून अमलात आलेल्या अभ्यासक्रमातही मृतदेहाला पहिला शिक्षक मानण्याचा पाठ घातलेला आहे.

केवळ शब्द बदलल्याने वृत्ती बदलते असे मानणे भाबडेपणाचे होईल. 'गुरू' हाही कालांतराने एक गुळगुळीत पारिभाषिक शब्द होऊ शकतो. तैवानच्या उपक्रमाचे मोल त्या उपाधीपेक्षा तिच्यामागील चरित्रकथनात आहे. ज्याच्या शरीराचा प्रत्येक स्नायू विद्यार्थ्याला ठाऊक झाला, तो काय करीत असे, त्याला कोण कोण होते, हे तेथे त्याला आपल्या भाषेत ऐकावे लागते. भारतातील विद्यार्थ्यालाही याची गरज आहे. विच्छेदनगृहात तो जी भाषा उचलतो तीच घेऊन पुढे रुग्णालयाच्या कक्षात शिरतो. तेथील खाटेवरचा माणूस त्याच्या स्वतःच्या नावाने संबोधिला जाईल, की खाटेच्या क्रमांकाने अथवा रोगाच्या नावाने, याचा निर्णय पुष्कळ अंशी या पहिल्या वर्षीच झालेला असतो.