तापलेला लॅपटॉप आणि हिशेबाची वही

मे महिन्यातली दुपार. आमच्या जळगावच्या मे महिन्याबद्दल मी वेगळं काय सांगू? पारा ४४ वर, रस्ते ओस, घरातला कूलर घरघरतोय. आणि त्या घरघरीवरही मात करणारा एक आवाज आतल्या खोलीतून येतोय. मला वाटलं, मिक्सर चालू राहिला की काय! जाऊन बघते तर चिरंजीव गादीवर पालथे, पुढ्यात लॅपटॉप आणि त्याचा पंखा जीव तोडून ओरडतोय.

‘‘आई, बघ ना गं, परत अडकला!’’ पडद्यावर धावणारी गाडी झटके खात होती. दोन पावलं पुढे, मग जागच्या जागी, मग एकदम उडी. तोतरं बोलणाऱ्या माणसाचं कसं एकेक अक्षर अडतं, अगदी तसं. मी कीबोर्डवर हात ठेवला आणि पटकन उचलला. तवा तापायला लागला की लागतो तसा चटका!

मैत्रिणींनो, नुसत्या गेमचा प्रश्न असता तर मी म्हटलं असतं, बरं झालं, बंद पडला एकदाचा! पण याच लॅपटॉपवर त्याचा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. केळीच्या खोडापासून धागा काढायच्या यंत्राचं डिझाइन. महिनाअखेरीस सादरीकरण. आणि ते त्रिमितीतलं चित्र फिरवायला घेतलं की लॅपटॉप तसाच अडखळायचा. साडेतीन वर्षांपूर्वी मुदत ठेव मोडून ७८ हजारांना घेतलेली वस्तू. ‘‘अभ्यासाला गेमिंगचाच लॅपटॉप लागतो,’’ असं त्याने तेव्हा पटवलं होतं. (त्यात तथ्य आहे, हे मला आता कळलंय. तेव्हा पटलं नव्हतं.)

दुकानात नेला. तिथल्या माणसाने मागचं झाकणसुद्धा उघडलं नाही. चालू केला, दोन मिनिटं बघितला आणि म्हणाला, ‘‘ग्राफिक कार्ड गेलंय. मदरबोर्ड बदलावा लागेल. २८ हजार.’’ घरी येऊन हे सांगितलं मात्र, आमचे हे उसळलेच. ‘‘रात्र रात्र गेम खेळून जाळलान् त्याने! एक पैसा देणार नाही.’’ मुलगा ताटावरून उठला. त्यानंतर चार दिवस बापलेकांत बोलणं नाही. ‘‘बाबांना सांग’’ आणि ‘‘त्याला विचार’’ एवढीच वाक्यं, तीही माझ्यामार्फत. मधल्या मधे मी म्हणजे पोस्टमन!

त्याच आठवड्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. माझं लक्ष लागत नाही हे बघून गटातल्या एका मावशींनी कारण विचारलं. त्यांनी गटाच्याच कर्जातून पिठाची गिरणी टाकली आहे. शाळा चौथीपर्यंत. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, ‘‘ताई, थंड झाल्यावर परत नीट चालतो का?’’ म्हटलं, ‘‘हो, पहिली दहा मिनिटं अगदी छान चालतो.’’ ‘‘मग जळला कसा? जळालेली मोटर थंड झाली म्हणून चालत नाही. माझी गिरणी अशीच तापायची. जाळीत पीठ बसलेलं, वारा जायला जागाच नव्हती. आधी तुम्ही त्याचा वारा बघा.’’

मी आपली बी. ए. मराठी. यंत्राशी माझा संबंध मिक्सरचं भांडं बसवण्यापुरता. पण दहा वर्षं गटाचे हिशेब लिहिते आहे, त्यामुळे एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. पैसे कमी भरले की आधी भांडायचं नाही, आधी वही उघडायची. मी एक कोरी वही घेतली आणि मुलाला म्हटलं, ‘‘चल, तू खेळ. मी लिहिते.’’ आई गेम खेळ म्हणतेय! त्याचा विश्वासच बसेना.

कीबोर्डवरची कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. कोण किती काम करतंय, कोण नुसतं जागा अडवून बसलंय, ते त्यात दिसतं. ग्राफिक कार्डाचं तापमानही कळतं. प्रोसेसरचं, म्हणजे लॅपटॉपच्या मेंदूचं तापमान मात्र त्यात नसतं. त्यासाठी मुलाने ‘एचडब्ल्यूइन्फो’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर घेतलं. मी रकाने आखले. वेळ, तापमान, वेग आणि पडद्यावर सेकंदाला किती चित्रं.

सुरुवातीला ६२ अंश. पाचव्या मिनिटाला ८४. नवव्या मिनिटाला ९७. तोपर्यंत सगळं सुरळीत, सेकंदाला ७५ चित्रं. बाराव्या मिनिटाला मात्र प्रोसेसरचा वेग ४ गिगाहर्ट्झवरून धाडकन १.९ वर आला आणि चित्रं ७५ वरून २८ वर! अर्ध्या मिनिटाने वेग परत वर. पुन्हा तापला, पुन्हा खाली. हा जो चढउतार, तेच ते अडखळणं. बाराव्या मिनिटाचा तो आकडा लिहिताना माझा हात थबकलाच. गेले चार दिवस ज्याच्यावरून घर पेटलं होतं, ते हे!

लॅपटॉप बिघडला नव्हता, तो स्वतःला वाचवत होता. बहुतेक लॅपटॉपच्या प्रोसेसरची सहनशक्ती ९५ ते १०५ अंशांपर्यंत असते. ती मर्यादा आली की तो आपणहून काम मंदावतो, म्हणजे कमी वीज खातो, म्हणजे कमी तापतो. ‘गेम खेळून जाळला’ हे ह्यांचं म्हणणं त्यामुळे खरं नव्हतं. रात्री दोनपर्यंत खेळावं की नाही हा वेगळा खटला आहे आणि त्यात मी ह्यांच्याच बाजूने आहे!

आता वाऱ्याचा शोध. लॅपटॉप उलटा केला तर पोटाला जाळ्या. पंखा तिथून हवा ओढतो आणि मागच्या-बाजूच्या फटींतून गरम हवा बाहेर टाकतो. आणि आमचे चिरंजीव तो ठेवतात कुठे? तर गादीवर, त्यावर आजीची गोधडी! म्हणजे नाक-तोंड दाबून पळायला लावण्यातला प्रकार. शिवाय सोबत आलेल्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं, खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं. आमच्या त्या खोलीत भिंतीवरचं घड्याळ दुपारी ३८ दाखवत होतं.

लॅपटॉप टेबलावर आणला, मागच्या कडेखाली पाण्याच्या बाटलीची दोन बुचं ठेवली, परत वही उघडली. तापमान पुन्हा ९७! मी हिरमुसले. मुलगा म्हणाला, ‘‘अगं आई, तापमान नको बघूस. ते मर्यादेला टेकलं की तिथेच थांबणार. वेग बघ.’’ खरंच की! घसरण बाराव्याऐवजी एकोणिसाव्या मिनिटाला झाली होती आणि वेग १.९ ऐवजी २.६ पर्यंतच उतरला होता. दोन बुचांची किंमत शून्य रुपये.

पण रोग पुरता गेला नव्हता, म्हणजे आत काहीतरी होतं. वॉरंटी केव्हाच संपली होती, त्यामुळे उघडायला हरकत नव्हती. (तुमची चालू असेल तर मात्र आधी कंपनीच्या सेवा केंद्राला विचारा.) स्टँडजवळ एक तरुण दुरुस्तीवाला बसतो. त्याला म्हटलं, ‘‘आमच्यासमोर उघडशील का?’’ तो बिचारा ‘हो’ म्हणाला. आधी लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर बाजूला, झाकण काढल्याबरोबर बॅटरीची जोडणी सोडवली. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, चुकीच्या भोकात लांब स्क्रू गेला तर बोर्डाला इजा होते. म्हणून तो ते थर्मोकोलच्या तुकड्यावर, झाकणावर जिथे होते त्याच जागी टोचत गेला. रांगोळीचे ठिपकेच जणू.

आतली रचना बघून मी थक्क झाले. प्रोसेसर आणि ग्राफिक चिप यांच्यावरून तांब्याच्या चपट्या नळ्या जातात. त्या भरीव नसतात, आत किंचित द्रव असतो. उष्णतेने त्याची वाफ होते, ती नळीच्या थंड टोकाला जाते, तिथे उष्णता टाकून पुन्हा द्रव होऊन परत येते. त्या थंड टोकाला फणीसारखी बारीक पाती आणि त्यांच्यावर पंख्याचा वारा. आता त्या फणीत काय होतं? पंखा आणि पाती यांच्या मधोमध लोकरीच्या नमद्यासारखा एक जाड करडा थर! धूळ आणि कापूस. गोधडीचा, गादीचा आणि आमच्या गावच्या हवेतला. पंखा कितीही ओरडला तरी वारा जाणार कुठून? दुरुस्तीवाल्याने चिमट्याने तो थर उचलला तर सबंध पट्टीच निघून आली.

मग त्याने पंख्याची पाती काडीने अडवून धरली आणि हवेच्या फवाऱ्याने फुंकर मारली. पाती मोकळी ठेवली तर ती भन्नाट फिरून पंख्याचं नुकसान होऊ शकतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत लावू नये म्हणाला, स्थिर विजेने नाजूक भाग बिघडू शकतो. तोंडाने फुंकूही नये, थुंकीचा ओलावा जातो. (हे दुसरं मी करायच्या बेतात होते!)

चिप आणि तांबं यांच्यामध्ये एक मलम लावलेलं असतं, ‘थर्मल पेस्ट’. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत दिसले तरी मधे बारीक खळगे राहतात आणि त्यातली हवा उष्णता जाऊ देत नाही. मलम ते खळगे भरतं. आमचं वाळून भेगाळलं होतं, पावसाआधीच्या शेतासारखं. त्याने ते पुसून नवं लावलं. काही महागड्या लॅपटॉपमध्ये पेस्टच्या जागी द्रवरूप धातू असतो. तो वीजवाहक असल्याने जरासा ओघळला तरी घात होतो, म्हणून तिथे घरच्या घरी प्रयोग नको.

जाता जाता त्याने दुसऱ्याच कोणाच्या लॅपटॉपची काढून ठेवलेली बॅटरी दाखवली. टम्म फुगलेली, पुरीसारखी! त्या घरी म्हणे टचपॅड वर आलं होतं, तर ते दाबून दाबून बसवत होते. माझ्या अंगावर काटाच आला. तुमच्याकडे टचपॅड वर आलं असेल, झाकण नीट मिटत नसेल, तर तो लॅपटॉप ताबडतोब बंद करा. चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका, जाणकाराकडे न्या. त्या बॅटरीला आग लागू शकते. आमची सपाट निघाली, देवाची कृपा.

साफसफाई आणि मलम मिळून ७०० रुपये झाले. २८ हजार कुठे आणि ७०० कुठे!

घरी येऊन वही. अर्धा तास खेळ, खोलीत ३७. तापमान ८६ वर स्थिर, वेग ३.६, चित्रं ७०. प्रोजेक्टचं यंत्र पडद्यावर गरगर फिरलं. गेममध्ये मात्र नवा रस्ता आला की अजून एखादा झटका बसायचा. तापमान ठीक असताना झटका, म्हणजे कारण वेगळं. टास्क मॅनेजर म्हणाला, आठ जीबी मेमरीतली ७.४ भरलेली. ब्राउझरच्या खिडक्या किती उघड्या होत्या? एकतीस! त्या बंद केल्यावर झटके बरेच कमी झाले. उघडला तेव्हा मेमरीची एक जागा रिकामी दिसली होती. तिथे तशीच दुसरी पट्टी बसवली की जागाही वाढते आणि एकपदरी रस्ता दुपदरी होतो. तो खर्च पुढच्या महिन्याच्या भिशीतून.

आणखी एक युक्ती मुलानेच केली. गेममध्ये चित्रांना ६०ची मर्यादा घातली. पाहुणे सहा आणि पोळ्या साठ लाटल्या तर शेगडी तापणारच ना? तापमान ७८ वर आलं. आणि सोबत आलेला जाडजूड चार्जरच लावायचा, मोबाइलसारखा छोटा नाही. कमी शक्तीच्या चार्जरवर किंवा नुसत्या बॅटरीवर असे लॅपटॉप मुद्दामच हळू चालतात, म्हणजे पुन्हा ‘बिघडला, बिघडला’ म्हणून बोंब!

रात्री जेवणं झाल्यावर मी ती वही ह्यांच्या पुढ्यात ठेवली. काही बोलले नाही. ह्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, मग आधीचे आणि नंतरचे आकडे बोटाने जुळवून पाहिले. जन्म बँकेत गेला, वहीवर विश्वास बसतो त्यांचा. उठून आतल्या खोलीत गेले. मला वाटलं, आता परत वाजतंय. तर ऐकू आलं, ‘‘ते केळीच्या खोडाचं यंत्र दाखव बघू. रोलर किती व्यासाचा घेतलायस?’’

मी मावशींना फोन लावला. ‘‘काय ताई, निघालं का काही?’’

‘‘निघालं तर! वातीपुरता कापूस निघाला.’’

पलीकडे गिरणी चालू होती. मावशी हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘आता तुमच्या फ्रिजच्या मागे बघा.’’