गल्ला भरला म्हणजे कला विकली?

प्रयोगशील म्हणून ओळखला जाणारा कलावंत एकाएकी घराघरांत ऐकू येऊ लागला, की सर्वांत आधी नाक मुरडतात ते त्याचे जुने चाहते. 'गेला, हाही गल्लाभरू झाला!' इंग्लंडचा रॉक गायक पीटर गॅब्रिएल याला १९८६ मध्ये हेच ऐकावे लागले.

'जेनेसिस' हा गाजलेला वाद्यवृंद त्याने १९७५ मध्ये सोडला. नंतरच्या चार अल्बमना त्याने वेगळे नावच दिले नाही. चारही नुसते 'पीटर गॅब्रिएल'. त्यांतला १९८० चा तिसरा अल्बम फार महत्त्वाचा. त्यात ड्रम वाजवणाऱ्यांना झांजा वापरायला त्याने चक्क मनाई केली. आपल्या ढोलपथकातून झांजा काढून घेतल्या तर कसे वाटेल, तसाच प्रकार! मोकळी झालेली जागा घुमणाऱ्या आणि मध्येच तोडलेल्या ठोक्यांनी भरली. दक्षिण आफ्रिकेत पोलीस कोठडीत मरण पावलेल्या स्टीव्ह बिको यांच्यावरचे गाणेही त्यातच आहे. त्याच्या अमेरिकी कंपनीने हा अल्बम काढायलाच नकार दिला. ब्रिटनमध्ये मात्र तो विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेला! म्हणजे अवघड काम खपतच नाही, हा व्यापाऱ्यांचा समज असतो, आणि गंमत म्हणजे चाहत्यांचाही.

मग १९८६ मध्ये 'सो' आला. 'स्लेजहॅमर' हे त्यातले गाणे अमेरिकेत पहिले आले, तेही 'जेनेसिस'च्याच गाण्याला खाली ढकलून. त्याच्या चित्रफितीने १९८७ मध्ये एमटीव्हीची नऊ पारितोषिके पटकावली. ही तडजोड होती का? गाण्यातला ट्रम्पेट वेन जॅक्सनचा. हा वादक ओटिस रेडिंगबरोबर वाजवत असे, आणि रेडिंगचे गाणे गॅब्रिएलने १९६६ मध्ये लंडनला, शाळकरी वयात, प्रत्यक्ष ऐकले होते. जिला बाजारू म्हटले गेले, ती चाल त्याच्या लहानपणच्या प्रेमातून आली होती. याच अल्बममध्ये सेनेगलच्या युसू एनदूरचा आवाज आहे, आणि 'शक्ती'तले आपले व्हायोलिनवादक एल. शंकरही. तिसऱ्या अल्बमचा खरखरीतपणा 'सो'मध्ये उरला नाही, हे मात्र मान्य करायला हवे. झांजाही परत आल्या.

निव्वळ पैशासाठीही तो एकदा गायला होता. देशोदेशीच्या संगीताचा 'वोमॅड' हा महोत्सव १९८२ मध्ये भरला आणि डोक्यावर कर्ज ठेवून गेला. ते फेडायला 'जेनेसिस'चे जुने सोबती त्याच ऑक्टोबरमध्ये त्याच्याबरोबर पुन्हा एकदा मंचावर उभे राहिले. त्याला कोणी तडजोड म्हटले नाही.

'सो'च्या कमाईतून बाथ शहराजवळच्या बॉक्स या गावी त्याने स्टुडिओ उभारला. १९८९ मध्ये 'रिअल वर्ल्ड' ही ध्वनिमुद्रिका कंपनी सुरू झाली. नुसरत फतेह अली खान यांची कव्वाली पाश्चात्त्य श्रोत्यांपर्यंत गेली, त्यात तिचा मोठा वाटा. मँडोलिनवादक यू. श्रीनिवास यांचा 'ड्रीम'ही तिनेच काढला.

हिशेबी माणसाने लगोलग आणखी दोन 'स्लेजहॅमर' काढले असते. याने १९८९ मध्ये काय दिले, तर 'पॅशन' हे जवळजवळ शब्दाविना असलेले चित्रपटसंगीत! 'अस' यायला १९९२ उजाडले, 'अप'ला २००२. 'आय/ओ' तर २०२३ च्या डिसेंबरात आला, त्र्याहत्तराव्या वर्षी. त्यातली गाणी त्याने वर्षभर दर पौर्णिमेला एकेक अशी श्रोत्यांपुढे ठेवली होती.