कच्च्या खेळाडूची पारख

वर्गमित्रांनो, आणि भिंतीपाशी वाचायला थांबलेल्या पालकांनो,

बाजारात खोंड घ्यायचा असला की आमचे आबा व्यापाऱ्याला म्हणतात, "जरा चालवून दाखवा." खोंड चार पावलं चालला की आबा त्याची चाल बघतात, खांदा बघतात, आणि हाक दिल्यावर तो कान टवकारतो का तेही बघतात. मी एकदा विचारलं, "आबा, याला अजून औत ठाऊक नाही. मग एवढं काय बघता?" आबा म्हणाले, "औत आपण शिकवू रे. चाल कोण शिकवणार?"

माणूस म्हणजे काही बैल नव्हे. पण असाच प्रश्न यंदा आमच्या बास्केटबॉलच्या संघात आला. सहावीतली एक मुलगी आहे. पळताना तिला कोणी गाठू शकत नाही. उडी तर अशी की मोठ्या मुलांच्या डोक्यावरून चेंडू काढते. पण चेंडू हातात आला की पाचांतून दोनदा तो दुसऱ्या संघाकडे जातो. गुरुजींनी माझ्याकडे गुणांची वही दिली होती. मी रोज तिच्या नावापुढे फुल्या मारायचो. संघ निवडायच्या आदल्या दिवशी मी वही पुढे केली आणि म्हणालो, "गुरुजी, हिला काढा." ती माझ्या मागेच उभी होती, हे मला माहीत नव्हते.

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "आधी पारख कशाला म्हणतात ते शोधून काढ. मग बोल." गुरुजींना आणि हायस्कूलच्या क्रीडाशिक्षकांना विचारून मला जे समजले ते येथे लिहीत आहे.

पॉइंट गार्ड म्हणजे कोण?

बास्केटबॉलमध्ये एका बाजूला पाच खेळाडू असतात. रिंग जमिनीपासून दहा फूट उंच असते. चेंडूचा टप्पा मारत पुढे जायचे, आणि ठरलेल्या वेळात, म्हणजे मोठ्यांच्या खेळात २४ सेकंदांत, तो रिंगकडे टाकायचा. या पाचांत जो चेंडू मागून पुढे आणतो आणि कोणाला द्यायचा ते ठरवतो, तो पॉइंट गार्ड.

पंगतीत वाढपी कसा असतो ते आठवा. हातात भांडे असते, पण त्याची नजर पानांवर असते. कोणाचे पान रिकामे, कोणाला भात हवा, कोण नको म्हणतो, हे तो चालता चालता बघतो. पॉइंट गार्डचे काम तसेच. फरक एवढाच की इथे कोणीतरी सतत त्याच्या हातातले भांडे ओढत असतो!

म्हणून या जागेवर दोन गोष्टी लागतात. एक शरीर, म्हणजे वेग, उडी, दम. दुसरी नजर, म्हणजे कोण कुठे आहे आणि क्षणभराने कुठे असेल ते ओळखणे. वेग लांबूनही दिसतो. नजर मात्र चटकन दिसत नाही. म्हणूनच वेगवान पण कच्चा पॉइंट गार्ड पारखताना भले भले फसतात.

एक खरे उदाहरण

अमेरिकेत रसेल वेस्टब्रुक नावाचा खेळाडू झाला. जन्म १९८८, कॅलिफोर्निया राज्यात. हायस्कूलमध्ये गेला तेव्हा त्याची उंची होती फक्त पाच फूट आठ इंच. तिसऱ्या वर्षापर्यंत त्याला शाळेच्या मुख्य संघात सुरुवातीपासून खेळायला मिळाले नाही. शेवटच्या वर्षापर्यंत तो सहा फूट तीन इंच झाला.

पुढे २००६ साली तो लॉस एंजेलिसच्या युसीएलए या विद्यापीठात गेला. पहिल्या वर्षी तो दर सामन्यात सुमारे नऊ मिनिटे मैदानात असे आणि सरासरी ३.४ गुण करी. दुसऱ्या वर्षी तीच सरासरी १२.७ झाली, आणि २००८ मध्ये त्या विभागातला सर्वोत्तम बचावपटू म्हणून त्याला मान मिळाला. पण गंमत अशी की त्या संघाचा नेहमीचा पॉइंट गार्ड दुसराच होता. वेस्टब्रुक बहुतेक वेळ बाजूच्या जागेवर खेळला.

अमेरिकेतल्या व्यावसायिक संघांच्या स्पर्धेला एनबीए म्हणतात. तिथे दरवर्षी संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. २००८ साली वेस्टब्रुकला चौथ्या क्रमांकावर निवडले गेले. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. पुष्कळ जाणकार म्हणाले, "हा पळतो छान, पण हा पॉइंट गार्ड नव्हे." ज्या संघाने त्याला घेतले तो त्याच वर्षी सिएटलहून ओक्लाहोमा सिटीला गेला. तिथे त्याला पॉइंट गार्डच केले.

पहिल्या वर्षी काय झाले? दर सामन्यात १५.३ गुण आणि ५.३ असिस्ट. असिस्ट म्हणजे ज्या पासवर सोबत्याने लगेच गुण केला तो पास. पण त्याचबरोबर तो दर सामन्यात ३.३ वेळा चेंडू गमावून बसे. रिंगकडे टाकलेल्या १०० चेंडूंपैकी ४० सुद्धा आत जात नसत. संघ ८२ सामन्यांपैकी फक्त २३ जिंकला. माझ्यासारखा कोणी वही घेऊन बसला असता तर फुल्यांनी पान भरले असते.

मग बघायचे तरी काय?

१. चूक हाताची की नजरेची? मला ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट वाटली. समजा सोबती मोकळा होता, खेळाडूने त्याला पाहिले, योग्य वेळी पास टाकला, पण तो फूटभर लांब गेला. ही हाताची चूक. सरावाने ती जाते. पण सोबती मोकळा असून त्याने पाहिलेच नाही, खाली मान घालून तो तिघांच्या घोळक्यात शिरला, तर ती नजरेची चूक. ती जायला फार वेळ लागतो, कधी कधी जातच नाही. वहीत दोन्हींची फुली सारखीच दिसते!

२. चेंडू किती वेळ हातात होता? घरात जो भांडी घासतो त्याच्याच हातून कप फुटतो. ज्याच्याकडे चेंडू जास्त, त्याच्या चुका जास्त. म्हणून नुसत्या चुका मोजू नयेत. चुका किती आणि त्या बदल्यात सोबत्यांना गुण किती मिळवून दिले, हे शेजारी शेजारी मांडावे.

३. वेग कमी करता येतो का? हे ऐकून मला नवल वाटले. पण नुसते जोरात पळणाऱ्याला अडवणे सोपे असते, कारण तो कुठे जाणार ते आधीच कळते. जो जोरात येऊन एकदम मंद होतो, मान वर करून बघतो आणि पुन्हा सुटतो, त्याला अडवणे कठीण. डावा हातही चालतो का, तेही बघावे.

४. चेंडू नसताना तो काय करतो? आपला चेंडू गेल्यावर जो कपाळाला हात लावून उभा राहतो त्याची काळजी वाटते. जो लगेच मागे पळतो त्याला शिकवता येते. वेस्टब्रुकचा बचाव विद्यापीठातच नावाजला गेला होता. बचावाला मेहनत लागते, आणि मेहनत लपत नाही.

५. गेल्या वर्षी कुठे होता? आज कुठे उभा आहे एवढेच बघू नये, किती चालून आला तेही बघावे. एका वर्षात ३.४ गुणांवरून १२.७ गुणांवर येणारा मुलगा अजून वाटेतच आहे. उशिरा उंच झालेल्या मुलाला तर आपले नवे हातपाय ओळखायलाच वेळ लागतो.

६. मोकळा फेक कसा टाकतो? दुसऱ्या बाजूने नियम मोडला की खेळाडूला कोणी न अडवता रिंगकडे चेंडू टाकायला मिळतो. तो चांगला टाकत असेल तर लांबून टाकायलाही पुढे शिकेल, असा एक अंदाज बांधतात.

अंदाज खरे ठरले का?

काही ठरले, काही चुकले. आणि मला वाटते, खरा धडा इथेच आहे.

ज्यांनी "हा पॉइंट गार्ड नव्हे" म्हटले ते चुकले. २०१६-१७ च्या हंगामात वेस्टब्रुकने दर सामन्यात सरासरी ३१.६ गुण, १०.७ रिबाऊंड आणि १०.४ असिस्ट केले. रिबाऊंड म्हणजे रिंगवरून उसळलेला चेंडू पकडणे. तिन्ही आकडे दोन अंकी आले तर त्याला ट्रिपल डबल म्हणतात. त्या एका हंगामात त्याने ४२ वेळा तसे केले. आधीचा विक्रम ऑस्कर रॉबर्टसन यांचा होता, १९६१-६२ मधला, ४१ वेळा. त्या वर्षी वेस्टब्रुक एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे तीन हंगामांत सरासरी असिस्टमध्ये तो सर्वांच्या पुढे होता. सोबत्यांना चेंडू देता येत नाही म्हणणाऱ्यांना याहून मोठे उत्तर कोणते?

पण ज्यांनी "नेमबाजी कच्ची आहे" म्हटले ते बरोबर निघाले. पहिल्या वर्षी मोकळ्या फेकीतले १०० पैकी ८१ चेंडू आत गेले, म्हणजे सहाव्या मुद्द्याप्रमाणे पुढे लांबूनही जायला हवे होते. तसे झाले नाही. तीन गुणांच्या लांब फेकीत त्याचे १०० पैकी सुमारे ३० च गेले, आणि चांगल्या नेमबाजाचे ४० जातात. चेंडू गमावणेही सुटले नाही. ज्या हंगामात तो सर्वोत्तम ठरला त्याच हंगामात दर सामन्यात पाचांहून जास्त वेळा त्याने चेंडू गमावला. म्हणजे "शिकवता येते" याचा अर्थ "शिकेलच" असा नाही. आणि काही उणिवा राहिल्या तरी माणूस मोठा होतो, हेही तितकेच खरे.

आणखी दोन उदाहरणे थोडक्यात सांगतो. त्याच २००८ साली पहिल्या क्रमांकावर डेरिक रोज निवडला गेला. त्याचा वेगही वाऱ्यासारखा होता. २०११ मध्ये, २२ व्या वर्षी, तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. एवढ्या लहान वयात हा मान दुसऱ्या कोणाला मिळाला नव्हता. पण २०१२ मध्ये त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला आणि पूर्वीचा वेग पुरता परत आला नाही. ज्याची सगळी मदार शरीरावर, त्याने शरीर जपले पाहिजे, आणि शिकवणाऱ्यानेही त्याचे जपले पाहिजे.

याच्या अगदी उलट स्टीफन करी. २००९ साली त्याच्या आधी सहा जणांची निवड झाली. अंगाने तो किरकोळ दिसे. पण त्याचा हात आणि नजर तयार होती. २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षे तो सर्वोत्तम ठरला. म्हणजे वेगालाच भुलू नये, आणि वेग नाही म्हणून कोणाला मागेही सारू नये.

माझी वही

हे सगळे समजल्यावर मी वहीत नवे पान आखले. फुलीचे दोन प्रकार केले. हाताच्या चुकीला "ह", नजरेच्या चुकीला "न". शेजारी तिने दुसऱ्यांना मिळवून दिलेले गुण लिहायला लागलो. आठ दिवसांनी पान मोजले, तर तिच्या नावापुढे "ह" पुष्कळ आणि "न" थोडे! ती मोकळ्या मुलीला बघत होती, पासही तिकडेच टाकत होती, पण जोर जास्त लागत होता. इतके दिवस मी ते पाहिलेच नव्हते. खरे म्हणजे नजरेची चूक माझीच होती.

मी तिला जाऊन म्हणालो, "माझं चुकलं." ती म्हणाली, "वही दाखव." तिने पान नीट वाचले आणि विचारले, "मग 'ह' कमी कसे करायचे?" आता रोज प्रार्थनेआधी ती भिंतीवर खडूने गोल काढून पन्नास वेळा पास टाकते, पंचवीस उजव्या हाताने आणि पंचवीस डाव्या.

गुरुजींनी तिला संघात घेतले आहे. ती पुढे मोठी खेळाडू होईल का? सांगता येत नाही. अजूनही ती चेंडू घालवते. परवाच्या सामन्यात तिने चारदा घालवला आणि आम्ही हरलो. पण पारख म्हणजे भविष्य सांगणे नव्हे, असे गुरुजी म्हणतात. पारख म्हणजे आज नीट बघणे आणि उद्या पुन्हा बघणे.

पालकांना एक विनंती आहे. निकालपत्रावर लाल शाईची खूण दिसली तर लगेच "याला काही येत नाही" म्हणू नका. ती चूक हाताची की नजरेची, एवढे आधी विचारा. आणि गेल्या वर्षी तो कुठे होता, तेही आठवून पाहा.

— गुणांची वही सांभाळणारा,
इयत्ता सातवी