रोहित्राच्या तेलातले वायू

‘उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मर का जळतात, बघून या,’ असं सांगून संपादकांनी एका २२० केव्ही उपकेंद्रावर पिटाळलं. तिथे जळालेलं काहीच नव्हतं. घुमणारा, चालू ट्रान्सफॉर्मर होता आणि त्याच्या तळाच्या व्हॉल्व्हपाशी काचेची सिरिंज घेऊन उकिडवे बसलेले टेस्टिंगचे काका.

एवढ्या मोठ्या रोहित्रात पन्नास हजार लिटरच्या घरात खनिज तेल मावतं. आत एखादा सांधा तापला किंवा ठिणगी पडली की तेलाचे रेणू तुटतात. बारीक डिस्चार्ज असेल तर मुख्यतः हायड्रोजन सुटतो, धातू तापला असेल तर मिथेन, इथेन, आणखी तापला तर इथिलीन. ॲसिटिलीन दिसलं की आर्कचा संशय येतो. गुंडाळीवरचा कागद करपला तर कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड. वायू भरमसाट झाला तर बुखोल्झ रिलेत साचतो आणि अलार्म वाजतो. मॅक्स बुखोल्झ यांनी हे उपकरण जर्मनीत १९२१ साली काढलं. अलार्म वाजण्याआधीचा थोडा वायू तेलात मुरून राहतो. शोध त्याचा. सगळे या तपासणीला रक्ततपासणी म्हणतात. मला उपमा पटत नाही. रक्त नवं होत राहतं, हे तेल वर्षानुवर्षं तेच.

काकांनी आधी बरंच तेल बादलीत वाहू दिलं. नळीत, व्हॉल्व्हमध्ये साचलेलं तेल टाकीतली खबर देत नाही. मग सिरिंज धुऊन भरायला घेतली. “दट्ट्या ओढायचा नाही, साहेब. तेलानंच ढकलला पाहिजे.” ओढला तर आत पोकळी होते आणि विरघळलेला वायू बुडबुडा होऊन सुटतो. भरताना आलेली हवा बाहेर काढायची. पण सिरिंज बंद केल्यावर बुडबुडा उमटला तर त्याला हात लावायचा नाही, तो नमुन्याचाच भाग. हायड्रोजन तर निसटायला टपलेलाच असतो. सिरिंज अंधाऱ्या खोक्यात गेली, कारण उजेडानेही तेल बदलतं. मग लेबल: तारीख, लोड, तेलाचं तापमान. हे काम मी बराच वेळ पाहत राहिलो.

प्रयोगशाळेत तेलातून वायू काढून गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये सोडतात. आकडे येतात पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग. ते वाचायला मिशेल दुव्हाल यांचा त्रिकोण वापरतात. कॅनडात, हायड्रो-क्वेबेकच्या संशोधन संस्थेत काम करताना त्यांनी तो १९७४ साली मांडला. त्यात तीन वायूंचं आपसातलं प्रमाण मांडतात: मिथेन ६०, इथिलीन १३० आणि ॲसिटिलीन १० असेल तर टक्केवारी ३०, ६५ आणि ५. बिंदू पडतो ७०० अंशांच्या वर तापलेल्या भागाच्या कप्प्यात.

इथेच मला काळजी वाटली. या त्रिकोणात ‘ठीक आहे’ असा कप्पाच नाही. निरुपद्रवी आकडे टाकले तरी तो काहीतरी दोष सांगतोच. “म्हणून आधी वायू नेहमीपेक्षा जास्त आहे का, आणि किती वेगानं वाढतोय, ते बघायचं,” प्रयोगशाळेतल्या मॅडम म्हणाल्या. एकट्या अहवालाला त्या फारशी किंमत देत नाहीत.

फसगतीच्या वाटा बऱ्याच. व्होल्टेज कमी-जास्त करणारा टॅप चेंजर टॅप बदलतो तेव्हा ठिणग्या पडणं हे त्याच्या कामातच आलं. त्याच्या कप्प्यातलं तेल सील झिजून मुख्य टाकीत झिरपलं की ॲसिटिलीन दिसतं आणि निरोगी रोहित्रावर आळ येतो. ॲसिटिलीन हायड्रोजनच्या दोन-तीन पटींहून जास्त असेल तर आधी तो झिरपा तपासावा. काही नव्या तेलांतून साध्या गरम होण्यानेही हायड्रोजन, मिथेन निघतो. तेल भरलेल्या टाकीवर वेल्डिंग केलं तरी वायू राहतो. सगळ्यात मोठी पंचाईत फिल्टरेशनची: व्हॅक्यूमवर तेल गाळलं की वायू जवळजवळ शून्यावर येतो आणि आधीचा सगळा माग पुसला जातो, मग कागदात मुरलेल्या तेलातला वायू हळूहळू परत येतो आणि नवा दोष असल्यासारखा भासतो.

तेव्हा तेल गाळणाऱ्यांना एक विनंती: गाळण्याआधी एक सिरिंज भरून ठेवा, आणि गाळल्याची तारीख रजिस्टरमध्ये लिहा. अहवाल वाचणाऱ्याला ती लागते.