आवाज वाचला, कृती हरवली
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करण्याच्या कामात मी बरीच वर्षं हातभार लावते आहे. वाचन दुसरं कुणी करतं. ते ऐकण्याजोगं स्वच्छ करून देणं माझ्याकडे. पंख्याची घरघर, शेजारच्या कुकरची शिट्टी, दोन वाक्यांमधला खोकला हे काढायचं आणि वाचणाऱ्याचा आवाज स्पष्ट करायचा. 2018 सालच्या पावसाळ्यात एका विद्यार्थ्याचा फोन आला. इतिहासाच्या परीक्षेसाठी तो आमचं पुस्तक ऐकत होता. म्हणाला, "ताई, अकराव्या प्रकरणापासून वाचणाऱ्या बाई बदलल्या का?"

बाई बदलल्या नव्हत्या. त्याच निवृत्त शिक्षिका, तोच माइक, तीच खोली. बदल झाला होता माझ्या संगणकात. आज बोलायचं आहे ते त्याबद्दल.

त्याआधी पंधरा दिवस माझी हार्ड डिस्क बंद पडली होती. मी फारशी घाबरले नाही, कारण दर शनिवारी सगळ्या ध्वनिमुद्रणांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवायची माझी सवय. नवी डिस्क बसवली, ऑडॅसिटी पुन्हा घातलं. सगळी प्रकरणं जागच्या जागी होती. कामाला बसले आणि पाहते तो 'बाई – नेहमी', 'बाई – सर्दी' या माझ्या नावांचा यादीत पत्ताच नाही. जाऊ दे, आठवणीनं करू, असं म्हणून मी अंदाजानं आकडे भरले आणि अकरावं प्रकरण पाठवून दिलं. डोळसांना फरक कळला नसता. दिवसाचे चार-पाच तास त्या आवाजाच्या सोबतीनं अभ्यास करणाऱ्या मुलाला तो पहिल्याच मिनिटात कळला.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ऑडॅसिटी हे आवाजाचं संपादन करण्याचं मोफत सॉफ्टवेअर. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ते सुरू केलं आणि 2000 साली ते लोकांसाठी खुलं झालं. त्यात आवाजावर करायच्या प्रक्रियांना इफेक्ट म्हणतात. प्रत्येक इफेक्टला आकडे द्यावे लागतात. आमच्या बाईंच्या आवाजासाठी 80 हर्ट्झच्या खालचं सगळं मी कापत असे, कारण तिथं विजेची 50 हर्ट्झची गुणगुण असते आणि बाईंचा आवाज त्याच्या बराच वर सुरू होतो. 6 हजार हर्ट्झच्या आसपास 'स' आणि 'श' कानाला टोचत, म्हणून तिथं 3 डेसिबल कमी. सर्दी झाली की हे गणित वेगळं. असे जुळवून आणलेले आकडे एका नावाखाली साठवले की त्याला प्रीसेट म्हणतात.

लोणच्याचं उदाहरण घ्या. बरणी म्हणजे ध्वनिमुद्रण आणि मीठ, मोहरी, मेथीचं प्रमाण म्हणजे प्रीसेट. मी दर शनिवारी बरण्या जपून ठेवत होते. प्रमाण लिहिलेली वही मात्र दुसऱ्याच कपाटात होती आणि त्या कपाटाकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. मेनूतून लावलेला इफेक्ट आवाजावर होऊन जातो. फायलीत त्याचा परिणाम राहतो, आकडे राहत नाहीत. अलीकडच्या आवृत्त्यांत वाजता वाजता लावायचे इफेक्ट आले आहेत, त्यांचे आकडे त्या त्या प्रोजेक्टमध्ये राहतात. पण आपली प्रीसेटची यादी प्रोजेक्टबरोबर जात नाही.

मग ती असते कुठे? विंडोजमध्ये प्रत्येक वापरकर्त्याच्या नावाचा एक फोल्डर असतो. त्यात 'ॲपडेटा', त्यात 'रोमिंग' आणि त्यात 'ऑडॅसिटी'. यातला ॲपडेटा एरवी लपवलेला असतो, म्हणून नुसतं शोधून सापडत नाही. विंडोजची कळ आणि 'आर' एकत्र दाबा. जी छोटी चौकट येते तिच्यात टक्क्याची खूण, इंग्रजीत ॲपडेटा आणि पुन्हा टक्क्याची खूण, मध्ये जागा न सोडता लिहा. थेट रोमिंगमध्ये पोहोचाल. तिथला ऑडॅसिटी नावाचा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. त्यात आपली सेटिंग्ज असतात, प्रीसेट असतात आणि एकामागून एक इफेक्ट लावणारे मॅक्रोही असतात. प्रत काढण्यापूर्वी ऑडॅसिटी बंद करायला विसरू नका. बदल अनेकदा बंद होताना लिहिले जातात.

दुसरा मार्ग एकेका प्रीसेटचा. ऑडॅसिटीच्या तिसऱ्या मालिकेत इफेक्टच्या खिडकीत 'प्रीसेट्स अँड सेटिंग्ज' असं बटण आहे. त्यातून आधी 'सेव्ह प्रीसेट' करून नाव द्या आणि मग 'एक्सपोर्ट' करा. छोटीशी फाइल तयार होते. दुसऱ्या संगणकावर 'इम्पोर्ट' केलं की आकडे परत हजर. ही फाइल त्या पुस्तकाच्याच फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे बरणीच्या गळ्यातच चिठ्ठी बांधली. काहीजण रीपर नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. त्यात प्रेफरन्सेसमधल्या 'जनरल' या पानावर 'एक्सपोर्ट कॉन्फिगरेशन'ची सोयच दिलेली आहे.

बाहेरून आणून जोडलेले प्लगइन असतील तर आणखी एक काळजी घ्या. नुसते आकडे उपयोगाचे नाहीत, तो प्लगइनही नव्या संगणकावर हवा. म्हणून तो बसवायची मूळ फाइलही सांभाळा. शिवाय काही प्लगइन आपले प्रीसेट स्वतःच्या वेगळ्या फोल्डरात ठेवतात, ते बघून घ्या.

पार्श्वभूमीची घरघर काढताना ऑडॅसिटीला आधी नुसत्या घरघरीचा तुकडा ऐकवावा लागतो. त्यावरून ते जो नमुना घेतं तो सॉफ्टवेअर बंद केलं की जातो, त्याचा प्रीसेट होत नाही. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला वाचणाऱ्याला दहा सेकंद गप्प बसायला सांगा आणि ते गप्प बसणंही मुद्रित करून जपून ठेवा.

आणि कागद. हो, कागदच! सॉफ्टवेअर बदलतं, इफेक्टही बदलतात. ऑडॅसिटीतला जुना 'इक्वलायझेशन' हा इफेक्ट पुढे दोन इफेक्टमध्ये विभागला गेला. पण '80 च्या खाली कापा, 6 हजाराला 3 कमी' हे वहीतलं वाक्य कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चालतं.

माझ्याकडे तेव्हा यातलं काहीच नव्हतं. नशिबानं पहिल्या प्रकरणाचं कच्चं ध्वनिमुद्रण आणि तयार झालेलं, अशी दोन्ही शिल्लक होती. एकदा हे ऐक, एकदा ते ऐक, आकडा हलव, पुन्हा ऐक. असं करत करत आठवडा गेला. तंतोतंत जुळलं असं म्हणणार नाही, पण जवळ आलं. अकरावं प्रकरण नव्यानं करून पाठवलं. विद्यार्थ्याचा निरोप आला, "ताई, बाई परत आल्या." परीक्षा तीन आठवड्यांवर होती आणि त्यातला एक आठवडा माझ्या गाफीलपणामुळे गेला, याची रुखरुख मला अजून आहे.

आता महिन्यातून एकदा मी ती प्रत भाच्याच्या लॅपटॉपवर उघडून पाहते. उघडून न पाहिलेली प्रत आहे की नाही हे आपल्याला खरं तर ठाऊकच नसतं. बाईंचं वय झालं, त्या हल्ली वाचत नाहीत. नवी मुलगी वाचते. तिला बाईंचे आकडे चालत नाहीत, तिचे वेगळे बसवले आणि पहिल्याच दिवशी बाहेर काढून ठेवले. दहा मिनिटं लागली. तुमच्यापैकी कुणी कीर्तनाच्या कॅसेट साफ करत असेल, कुणी आजीच्या ओव्या जपत असेल. आज रविवार आहे. तुमचीही दहा मिनिटं निघतील.