सह्यांच्या यादीत मिकी माउस

नोव्हेंबर २०१९. ‘बायोसायन्स’ या नियतकालिकात जगभरच्या शास्त्रज्ञांचा जाहीर इशारा छापून आला: हवामानाची आणीबाणी आली आहे, आता तरी हातपाय हलवा. देश १५३, सह्या अकरा हजारांवर. कुणी तरी चिकाटीने ती यादी चाळायला बसलं आणि त्यात चक्क मिकी माउस सापडला. नामिबियातल्या अंधांसाठीच्या कुठल्याशा संस्थेचा म्हणे! पुढे हॅरी पॉटरच्या शाळेचे मुख्याध्यापक डंबलडोरही हजर. संयोजकांनी यादीला चाळण लावली, ३४ नावं गळाली. अकरा हजारांपुढे चौतीस ती काय. पण पेपरांत गाजली ती चौतीसच.

विरोधी पक्षाने मात्र हसू नये. १९९८ मध्ये ‘तापमानवाढीचं संकट वगैरे काही नाही’ असं सांगणारी ओरेगॉन याचिका अमेरिकेत फिरली, तिच्यात ‘डॉक्टर’ जेरी हॅलिवेल निघाल्या होत्या. हो, त्याच, स्पाइस गर्ल्समधल्या. शिवाय सोबतचा लेख अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकाच्या थाटात छापलेला. अकादमीला शेवटी जाहीर करावं लागलं की बाबांनो, आमचा याच्याशी काही संबंध नाही.

एकूण, सहीला पेन पुरतं. आकडा मात्र फुगत गेला. १९९२ च्या पहिल्या ‘मानवजातीला इशाऱ्या’वर सुमारे १,७०० सह्या होत्या, त्यांत विज्ञानातले बहुतेक हयात नोबेलविजेते. २०१७ च्या दुसऱ्या इशाऱ्यावर १५,३६४. सह्या नऊपट झाल्या, कर्बवायू काही घाबरला नाही.

खरा घाम कुठे गळतो?

आयपीसीसीत. १९८८ साली स्थापन झालेलं हे संयुक्त राष्ट्रांचं हवामानमंडळ. याचे अहवाल लिहिणाऱ्या शास्त्रज्ञांना आयपीसीसीकडून मानधन म्हणून छदामही मिळत नाही. २०२१ च्या अहवालाचा नुसता पहिला भाग घ्या: ६६ देशांतले २३४ लेखक, चौदा हजारांहून जास्त संदर्भ आणि मसुद्यावर आलेल्या सूचना ७८,००७. प्रत्येक सूचनेला उत्तर द्यायचं, अगदी ‘इथे स्वल्पविराम हवा’ छापाच्या सूचनेलासुद्धा.

ते उरकलं की खरी गंमत सुरू. धोरणकर्त्यांसाठीचा सारांश १९५ सरकारांचे प्रतिनिधी ओळ न् ओळ वाचून मंजूर करतात. तेल विकणारे देश एका बाजूला, समुद्रात बुडू घातलेली बेटं दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये शास्त्रज्ञ: ‘शब्द हवा तसा फिरवा, पण विज्ञान वाकवू देणार नाही.’ मार्च २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या इंटरलाकेनला अशीच एक बैठक शुक्रवारी संपायची होती, ती संपली रविवारी. कितीतरी प्रतिनिधींनी तोवर परतीची विमानं गाठली होती. (हवामानबदलाच्या बैठकीतून विमान पकडायला पळणं, यावर वेगळं काही लिहायला नको.)

या पसाऱ्यात पुण्याचाही हात आहे. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने भारतातलं पहिलं पृथ्वी-प्रणाली प्रारूप (पृथ्वीच्या हवामानाची संगणकातली प्रतिकृती) उभं केलं, आणि आयपीसीसी ज्या जागतिक प्रारूपसंचावर विसंबून असते त्यात ते जाऊन बसलं.

२००७ चं शांततेचं नोबेल आयपीसीसी आणि अल गोर यांना विभागून मिळालं. लेखकांना आभाराची प्रमाणपत्रं गेली. मग काय, काहींच्या बायोडेटात ‘नोबेलविजेते’ झळकू लागलं! २०१२ मध्ये आयपीसीसीला खुलासा काढावा लागला: पारितोषिक संस्थेचं आहे, तुमचं नाही.

हायकू, क्रोशा आणि फुटबॉल

हजारो पानांचा अहवाल वाचतं कोण? अमेरिकेतल्या सिएटलच्या ग्रेगरी जॉन्सन या समुद्रशास्त्रज्ञाने २०१३ च्या अहवालाचं सार एकोणीस हायकूंत बसवलं, वर प्रत्येकाला स्वतः जलरंगांत चित्रही काढलं. स्वतः ते त्या अहवालाच्या लेखकांपैकीच, त्यामुळे ‘समजलं नाही’ म्हणायची सोय नाही.

ब्रिटनच्या रेडिंग विद्यापीठातल्या एली हायवुड या हवामानशास्त्रज्ञ बाईंनी तर क्रोशाची सुई उचलली. एकेका वर्षाच्या तापमानाला एकेक रंग लावत अख्खं पांघरूण विणलं. त्यावरूनच त्यांचे सहकारी एड हॉकिन्स यांना २०१८ मध्ये सुचले ते निळ्याकडून लालभडकाकडे सरकणारे पट्टे. आकडा नाही, अक्षर नाही, तरी पोराटोरांना कळतात. २०२२ मध्ये ते रेडिंग फुटबॉल क्लबच्या जर्सीच्या बाह्यांवर चढले. माझं मत विचाराल तर पंधरा हजार सह्यांपेक्षा हे पांघरूण भारी.

पोपमहाराज, तीन वाक्यांत सांगतो

२०१४ साली व्हॅटिकनमध्ये शास्त्रज्ञांची परिषद भरली होती. तिला आलेले वीरभद्रन रामनाथन हे मूळचे तमिळनाडूचे, रेफ्रिजरेटरमधले सीएफसी वायूही पृथ्वी तापवतात हे १९७५ मध्ये दाखवून देणारे. पोप फ्रान्सिस यांच्याशी त्यांची गाठ पडली ती चक्क गाड्या लावायच्या जागेत. सांगायला मिळाली मोजून दोन-तीन वाक्यं. रामनाथन यांनी सांगितलं ते असं: प्रदूषण करतात जगातले श्रीमंत शंभर कोटी, आणि भोगणार आहेत सगळ्यांत गरीब तीनशे कोटी. पुढच्याच वर्षी पोपचं पर्यावरणावरचं गाजलेलं पत्रक निघालं. त्याचं श्रेय एकट्या त्या भेटीला देता येणार नाही. पण ७८ हजार सूचनांना उत्तरं देणाऱ्यांनी हा प्रकार मनावर घ्यावा.

एप्रनवाले रस्त्यावर

एप्रिल २०२२ मध्ये ‘सायंटिस्ट रिबेलियन’ या गटाच्या हाकेवर पंचवीसेक देशांत शास्त्रज्ञ रस्त्यावर उतरले. माद्रिदमध्ये पांढऱ्या एप्रनवाल्यांनी संसदेच्या पायऱ्यांवर लाल पाणी ओतलं. लॉस एंजेलिसमध्ये नासाच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या पीटर काल्मस यांनी साथीदारांसह एका बड्या बँकेच्या दाराला स्वतःला साखळीने बांधून घेतलं आणि बोलता बोलता रडले. त्याच डिसेंबरात भूभौतिकशास्त्रज्ञांच्या अमेरिकेतल्या अधिवेशनात काल्मस आणि शास्त्रज्ञ रोझ अब्रामॉफ मंचावर चढले, ‘प्रयोगशाळेतून बाहेर, रस्त्यावर चला’ अशा अर्थाचा फलक फडकवला. मिनिटभरही नाही टिकला तो. अब्रामॉफ बाईंची नोकरी तेवढ्यावरून गेली.

जियानलुका ग्रिमाल्डा या संशोधकाला तर नोकरी गमवायला फलकही लागला नाही. ते पापुआ न्यू गिनीतल्या बोगनव्हिल बेटावर, हवामान बदलाशी तिथले लोक कसे जुळवून घेतात याचा अभ्यास करत होते. विमानाने परतणार नाही, असा शब्द त्यांनी गावकऱ्यांना दिला होता. २०२३ च्या शरदात जर्मनीतल्या त्यांच्या संस्थेने फर्मावलं, पाच दिवसांत कचेरीत हजर व्हा. विमानाशिवाय ते अशक्यच. नोकरी गेली. ग्रिमाल्डा मालवाहू जहाज, फेरीबोट, बस आणि आगगाडी अशी मजल-दरमजल करत डिसेंबरात युरोपात पोहोचले.